नॅरेशनवाले सर

तालुक्याच्या गावी इंग्रजीच्या शिकवण्या घेणारे पुष्कळ असतात, पण नॅरेशनवाले सर एकच. पेपरात ‘डायरेक्टचं इनडायरेक्ट करा’ आलं, की तो मार्क कुणाच्या पायाशी बसून मिळवायचा हे पालकांना पाठ असतं.

सरांचं काम सर्जनसारखं. आधी अवतरणचिन्हं काढायची, ‘दॅट’चा टाका घालायचा, ‘आय’चा ‘ही’ करायचा, काळ एक पायरी मागे न्यायचा. मग ‘नाऊ’चा ‘देन’, ‘टुमारो’चा ‘द नेक्स्ट डे’, ‘अगो’चा ‘बिफोर’. ‘हुर्रे’ दिसलं की ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय’, ‘अलास’ दिसलं की ‘विथ सॉरो’. गावात मॅच जिंकून कुणी ‘हुर्रे’ ओरडलेलं नाही, आणि ‘अलास’ तर स्मशानातसुद्धा ऐकू आलेलं नाही. पण सरांच्या फळ्यावर दोन्ही रोज असतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, या वाक्याला मात्र ते हात लावत नाहीत. त्रिकालाबाधित सत्याचा काळ बदलायचा नसतो, हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप चढतो.

टेबलावर रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण. आतली पानं सुटलेली, पण खाकी कव्हर दर जूनमध्ये नवं. यातल्या रेनसाहेबांनी 1924 साली ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच फॉरिन लीजनमधल्या साहसाची कादंबरी लिहिली, असं कुणी सांगितलं तर सर दुखावतात. ‘तो रेन दुसरा असेल.’

अडचण एवढीच, की लोकांची वाक्यं फिरवण्यात हयात गेल्यामुळे स्वतःचं एक इंग्रजी वाक्य बोलायची वेळ आली की सरांना घाम फुटतो. एकदा एका गोऱ्या पाहुण्याने भर चौकात त्यांनाच गाठलं आणि बसस्टँड कुठे आहे, असं इंग्रजीत विचारलं. प्रश्नाचं इनडायरेक्ट सरांच्या मनात तत्क्षणी तयार झालं. उत्तर काही होईना. शेवटी ते पानवाल्याकडे वळले. ‘बसस्टँड कुठे होता, असं यांनी विचारलं.’

‘होता म्हणजे? पाडला की काय?’

सर पानवाल्याला काळाचा नियम समजावू लागले. पाहुणा तोवर एसटीच्या हॉर्नच्या दिशेने निघूनही गेला.

बाकी सरांच्या हाताखालून गेलेल्या पोराचा नॅरेशनचा मार्क कधी जात नाही. पुढे कुणी त्याच्याशी इंग्रजीत बोललंच, तर ते आधी अवतरणचिन्हं शोधतं.