गोठ कुणाचे, फोटो कुणाचा

अहो वहिनी, जरा गडग्यापाशी या. राहू दे ती केरसुणी, पळून नाही जात. काल माळ्यावरची ट्रंक काढली. पाऊस तोंडावर आलाय, म्हटलं फोटो एकदा बघून घेऊ. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमची कौलं उडाली तेव्हा ट्रंकेत पाणी शिरलेलं, आठवतंय ना? तुमच्या सुपाऱ्या आडव्या, आमच्या आडव्या, गावभर रडारड; फोटोंकडे बघायला सवड कुणाला होती! पुढे उघडली तर सगळा गठ्ठा एकमेकांना चिकटलेला. ह्यांना धीर कुठला? खेचलंन् आणि भावोजींच्या मुंजीतला बटू आपलं डोकं मागच्या फोटोच्या पाठीवर ठेवून बाहेर आला!

ते असो. हा घ्या, तुमच्याच कामाचा. कडेला धरा हो, मध्ये बोट नको. ओळखलंत? तुमच्या सासूबाई, नव्या नवरी असतानाच्या. खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्यात, पदर दोन्ही खांद्यांवरून, आणि नजर अशी की फोटोवाल्याने नुकताच दम भरलाय. आता हात बघा. गोठ दिसतायत? ते आमच्या सासूबाईंचे.

रागावू नका. डाव्या गोठाला हा पोचा बघा. आमच्या पाट्यावर आपटून पडलेला, अजून तसाच आहे. हवं तर डबा आणून दाखवते. तुमच्याकडे सोनं कमी होतं असं कोण म्हणतंय? पण फोटोवाला दापोलीहून आलेला, पुन्हा कधी उगवेल त्याचा नेम नाही. मग घरातलं आणि शेजारचं, जे मिळेल ते अंगावर चढवायचं. आमच्या सासूबाईंच्या फोटोतला शालू तरी त्यांचा कुठे होता? खालच्या आळीतून मागून आणलेला. गोठ परत आले हो, दुसऱ्याच दिवशी आले. सासूबाई मात्र शेवटपर्यंत म्हणायच्या, माझे गोठ मेले तिलाच जास्त शोभले.

हे मामंजी, हर्णैच्या किनाऱ्यावर, वळकटीवर पाय देऊन. आगबोट लांब खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून जाऊन चढायचं. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर आजेसासूबाईंनी म्हणे त्यांना कितीतरी दिवस समुद्राचं नाव काढू दिलं नाही. एस.टी. म्हणाल तर ती १९४८ ला सुरू झाली, तीही पुणे–नगर. केळशीच्या माणसाने मुंबईला जायचं कसं, हे त्या माउलीला कोण विचारणार?

आणि आमच्या नातीची गंमत ऐका. माजघरात धोंडो केशव कर्व्यांचा फोटो आहे ना, पांढऱ्या दाढीचा? मुरूडचे म्हणजे आपलेच, म्हणून मामंजींनी लावलेला. १९५८ ला त्यांना शंभर वर्षं झाली, भारतरत्न मिळालं, पोस्टाचं तिकीट निघालं. हयात असलेल्या भारतीयाचं आपल्याकडचं पहिलंच तिकीट ते! तर ही मुंबईची बया त्यांना नमस्कार करून म्हणते, "आजी, हे आपले खापरपणजोबा ना?" आणि शेजारच्या फोटोकडे बोट, "मग हे पागोटंवाले कोण?" अगं, तेच तुझे खापरपणजोबा! हसू नका. कर्व्यांना महाराष्ट्रात कुणीही ओळखेल. ह्या पागोट्याला ओळखणारी आता मी एकटी उरले.

हा शेवटचा, मग जा तुम्ही तुमच्या केराला. पाच पोरं, मागे आपली वाळूची टेकडी. त्या टेकडीचे थर तपासून डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठ्यांनी १५२४ ची सुनामी सांगितली. पाचशे वर्षांपूर्वी समुद्राने काय केलं ते वाळूतून कळतं, आणि आपल्या डोळ्यांदेखत वाढलेल्या ह्या पोरांतला चौथा कोण, ते दोन घरं मिळून सांगता येईना! ह्यांच्या मते तो तुमचा मधला दीर. मला नाही वाटत, त्याचे कान असे नव्हते.

नातू म्हणतो, मोबाइलवर घेऊन ठेवतो सगळे. ठेव की! पण नाव नसेल तर मोबाइलमध्येही ते अनोळखीच राहणार. म्हणून सांगते, तुमच्या कपाटातलेही काढा. पाठीवर बॉलपेन नको, दाब पुढच्या बाजूला उठतो, शाई पाझरते. मऊ पेन्सिल घ्या, कडेला हलक्या हाताने नाव, नातं, गाव आणि अंदाजाने साल लिहा. चिकटलेले असतील तर ओढू नका, जाणत्याला दाखवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आपल्या दमट हवेत बुरशी धरते. आणि तुमच्या आत्याबाई नव्वदीच्या पुढे आहेत, त्यांना हा पाच पोरांचा फोटो आजच, दुपारच्या चहाच्या आत दाखवा. चौथ्याचं नाव सांगितलं की लगेच हाक मारा.