फ्लेमिंगोवर फुली

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं आणि त्याचा परिणाम थेट अँटॉप हिलच्या आमच्या घरावर झाला. भाच्याने एअर रायफल घेतली. सोबत, कुणालाही न विचारता, ३ ते ९ पट मोठं दाखवणारा स्कोपही घेतला. क्लबातल्या सरांनी तो पहिल्याच दिवशी उतरवायला लावला. ऑलिंपिकच्या रायफलीवर भिंगाची दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोक, पुढे कडं आणि मधे श्वास रोखलेला माणूस, एवढंच. "मामा, तुला पक्षी बघायला होईल," म्हणून स्कोप माझ्याकडे आला. महागाच्या वस्तू आमच्या घरात अशाच येतात.

पक्षी म्हणजे शिवडीचे फ्लेमिंगो. गुरु तेग बहादूर नगरहून हार्बरने निघालं की वडाळा रोड, मग शिवडी. नुसतं बघून भागलं असतं, पण हल्ली नातेवाईक व्हिडिओशिवाय विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा स्कोपला मोबाइल जोडणं आलं.

दुर्बिणीला मोबाइल लावायचे चिमटे बाजारात मिळतात, ते इथे निरुपयोगी. बार उडाला की बंदूक मागे झटका देते, डोळा फुटू नये म्हणून बंदुकीच्या स्कोपचं चित्र साडेतीन-चार इंच मागे धरलेल्या डोळ्यालाच नीट दिसतं. फोनचं भिंगही तेवढ्याच अंतरावर आणि बरोब्बर मध्यावर हवं. ४० मिलिमीटरचं पुढचं भिंग, त्याला ९ ने भागा : मागून बाहेर पडणारी उजेडाची टिकली जेमतेम साडेचार मिलिमीटरची. फोन जरा सरकला की पडद्यावर खग्रास ग्रहण.

हार्डवेअरच्या दुकानात दीड इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा मागितला.

"गळती कुठेय?" दुकानदाराने विचारलं.

"गळती नाही. रायफलच्या स्कोपला लावायचाय."

त्याने पैसे घेतले, पण उरलेली चिल्लर लांबूनच सरकवली.

पाइपला आतून काळा रंग दिला, नाहीतर पांढरं प्लास्टिक सगळा उजेड फोनच्या भिंगात ओततं. स्कोपभोवती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून पाइप घट्ट बसवला. दुसऱ्या टोकाला जुनं मोबाइल कव्हर एम-सीलने चिकटवलं. एम-सील मी ओट्यावर मळत होतो. "पोळपाट घे हवं तर," आई म्हणाली. तो तिचा टोमणा होता हे मला पोळपाट घेतल्यावर कळलं.

खरा घोळ फोनचा. त्याला तीन डोळे. समोर काही अंधारलं की तो स्वतःच्या अकलेने भलताच डोळा उघडतो. मग पडद्यावर बोट दाबून फोकस कुलूपबंद करायचा आणि शटर इअरफोनच्या बटणाने दाबायचं, कारण नऊ पटीवर हाताचा कंपही नऊ पट. चाचणी गॅलरीतून घेतली. मी मिठागरांकडे बघत होतो. समोरच्या इमारतीने मात्र पडदे ओढून घेतले. "अहो, आत या," एवढंच बायको म्हणाली.

शिवडीचा व्हिडिओ उत्तम आला. चिखलात मान खाली घालून चरणारा गुलाबी थवा, मागे अटल सेतू. फक्त स्कोपच्या आत कोरलेली काळी फुली काही केल्या जाईना, आणि ती एकेका पक्ष्याच्या छातीवरून फिरत होती. कुटुंबाच्या ग्रुपवर आत्याने लिहिलं, "अरे, त्या बिचाऱ्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" चुलतभावाने १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पाठवला. भाच्याचं मत तांत्रिक होतं : "मामा, वारा मोजला नाहीस."

मी सर्वांना सलीम अलींचा दाखला दिला. खेतवाडीतल्या या मुलाने एअरगनने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ती कसली हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि देशाला पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. आत्याने उत्तर दिलं, "ते पुढे सलीम अली झाले. तुझं वय काय?"

तर शिवडीला जायचं असेल तर भरतीचं वेळापत्रक पाहून जा. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर असतात, भरती चढताना पाण्यापुढे सरकत जवळ येतात. साधी आठ पटीची दुर्बीण पुरते. आणि स्कोप कुणाला हवा असेल तर पाइपसकट घेऊन जा. पोळपाट मिळणार नाही.