घशातला साप

रक्तदाब हा फार सभ्य रोग. वर्षानुवर्षं घरात राहतो, पण कधी चहासुद्धा मागत नाही. माझ्याकडे तो कधी मुक्कामाला आला, देव जाणे. निवृत्तीनंतर सहज दंडाला पट्टा बांधला, यंत्राने १६० दाखवले आणि आमची ओळख झाली. तोवर तक्रार म्हणून नव्हती. तक्रारी आल्या त्या औषधाच्या पावलांनी.

पहिली गोळी अ‍ॅम्लोडिपिन. दाब उतरला, तो बहुधा पायात जाऊन बसला. संध्याकाळी घोट्याशी बोट दाबलं की खड्डा पडे आणि तो हळूहळू भरताना बघत बसणं हा माझा नवा विरंगुळा झाला. चप्पल काही केल्या चढेना. सौभाग्यवती म्हणाल्या, "एक नंबर मोठी घ्या." डॉक्टर म्हणाले, "सर, गोळी बदलू." डॉक्टरांचा उपाय स्वस्तातला निघाला.

दुसरी गोळी रॅमिप्रिल. पाय उतरले, जुनी कोल्हापुरी बसली. तीनेक आठवड्यांनी मात्र घशात कुणीतरी मोरपीस फिरवायला लागलं. कफ नाही, ताप नाही, नुसता सुका ठसका. आणि तोही मुहूर्त साधून येणारा. भजनात टाळ थांबले, की हा सुरू. श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांत तर हमखास. जेऊरला जाताना एसटीत शेजारची सीट रिकामी मिळू लागली, एवढाच काय तो लाभ. कोरोनापासून लोक खोकल्याला वडीलधाऱ्यासारखा मान देतात.

मग अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, मधातून सितोपलादी झालं. शेजारच्या काकूंनी भाजलेली लवंग आणून दिली आणि समोर उभं राहून चघळायला लावली. आम्ही उसाचं पाचट पेटवणाऱ्यांना दोष दिला, रस्त्याच्या धुळीला दिला, फ्रीजलाही दिला. गोळीवर संशय कुणाचाच नाही. ती बिचारी बीपीची, तिचा घशाशी काय संबंध?

संबंध होता, आणि तो थेट ब्राझीलच्या सापाचा. तिथे जराराका नावाचा विषारी साप असतो. त्याच्या विषात ब्रॅडिकायनिन या द्रव्याचा जोर वाढवणारा घटक असतो, हे सेर्जिओ फेरेरा यांनी १९६५मध्ये दाखवलं. त्याच वाटेने पुढे कॅप्टोप्रिल तयार झालं. १९८१मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. माझं रॅमिप्रिल त्याच्याच भावकीतलं. ही मंडळी ज्या एन्झाइमला अडवतात, ते एरवी ब्रॅडिकायनिन मोडून टाकत असतं. ते अडलं की ब्रॅडिकायनिन साठतं; रक्तवाहिन्या सैलावतात हे ठीक, पण श्वासनलिकेलाही गुदगुल्या होतात. म्हणजे रात्री उसात पाणी द्यायला जाताना पावलापावलावर बॅटरी मारणारा मी, रोज सकाळी चहाआधी सापाचंच देणं गिळत होतो!

तिसरी गोळी टेल्मिसार्टन. हिचं घशाशी सहसा भांडण नसतं. पहिले आठ दिवस उठताना जरा गरगरायचं, म्हणून देवीच्या माळावरच्या ९६ पायऱ्यांच्या बारवेत उतरायचं नाही, असा घरातून हुकूम निघाला. खोकला मात्र गोळी बदलली म्हणून लगेच हटला नाही. निरोप घेत घेत तीन आठवड्यांनी गेला. घरात अचानक शांतता पसरली. "तुम्ही आलात ते आता कळतच नाही," सौभाग्यवती म्हणाल्या. स्वरात किंचित तक्रार होती. इतके दिवस मी कोपऱ्यावर खोकलो, की इकडे चहाचं आधण चढत असे.

परवा कमलाभवानीच्या आरतीला गेलो होतो. शेजारच्या गृहस्थांना ऐन शंखनादात उबळ आली. सुकी, ओळखीची. लोक दोन पावलं मागे सरकले, मी दोन पावलं पुढे गेलो.

"बीपीची कुठली गोळी चालू आहे?"

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. नावाच्या शेवटी 'प्रिल' होतंच. सोमवारी ते डॉक्टरांकडे जाणार आहेत. तोवर गोळी मनाने सोडायची नाही, हे त्यांच्याकडून मी देवीसमोर कबूल करून घेतलंय.