मोटर दारात, टेबल चपला शोधतंय

बॉलस्क्रूने सरकणाऱ्या टेबलाची दिशा बदलायला सांगितली की मोटर लगेच उलटी फिरू लागते, टेबल मात्र क्षणभर जागचं हलत नाही. मोटर दारात उभी आणि टेबल आत चपला शोधतंय, असा हा मामला. मोटर आणि टेबल यांच्या मधली पोकळी भरेपर्यंत वाया जाणाऱ्या या फिरकीला बॅकलॅश म्हणतात. घरी बांधलेल्या सीएनसीवर तो पहिल्यांदा दिसतो वर्तुळात. स्क्रीनवर गोल गरगरीत असलेलं भोक अॅल्युमिनियमच्या पट्टीत कापलं की त्याला चार ठिकाणी बारीक पायरी येते. जिथे एक्स किंवा वाय अक्ष उलटतो, नेमकी तिथे. बांधणारा ते गोलच आहे म्हणून सांगतो. बघणारी माणसं घरचीच असल्याने वाद वाढत नाही.

बॅकलॅश मोजायला डायल गेज लागतो. टेबल एका बाजूने आणून काटा शून्यावर लावायचा, त्याच दिशेला १ मिमी पुढे न्यायचं आणि १ मिमी मागे आणायचं. काटा शून्याच्या सात रेघा अलीकडे थांबला, तर ०.०७ मिमी वाटेत गळाले. इथे बहुतेक जण टेबलाला सरकवणाऱ्या नटाला दोषी ठरवून नवा, महागडा, ग्राइंड केलेला स्क्रू मागवतात. घाई होते. रोल केलेल्या सी७ स्क्रूच्या पिचमध्ये ३०० मिमीत ०.०५ मिमीपर्यंत चूक चालते हे खरं, पण ती चूक वेगळी आणि बॅकलॅश वेगळा.

आधी डायलचं टोक स्क्रूच्या तोंडावर टेकवावं आणि टेबल हाताने पुढे-मागे रेटावं. स्क्रूच मागेपुढे सरकला, तर नट बहुधा निर्दोष आहे. चोर बेअरिंगच्या घरात आहे. स्क्रूचं टोक धरणाऱ्या स्वस्त बीके१२ ब्लॉकमध्ये अँग्युलर कॉन्टॅक्टऐवजी साधी डीप ग्रूव्ह बेअरिंगं निघणं ही नित्याची गोष्ट. त्यांच्या जागी ७००१ क्रमांकाच्या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी पाठीला पाठ लावून बसवावी आणि लॉकनट प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाईपर्यंतच आवळावा. दोन्ही बेअरिंगं एकाच दिशेला तोंड करून बसली, तर उलट्या बाजूचा रेटा झेलायला कुणीच उरत नाही. कपलिंगचा ग्रब स्क्रूही जाता जाता तपासावा. तो ढिला निघाला, तर बाकीचं संशोधन घरात कुणाला सांगू नये.

एवढं करून प्ले उरलाच, तर मग नट. घरगुती यंत्रांचा लाडका १६०५ म्हणजे १६ मिमी व्यासाचा आणि एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा स्क्रू. इतका मेट्रिक, पण त्याच्या नटातला छर्रा ३.१७५ मिमीचा, म्हणजे सुताराच्या भाषेत बरोबर एक सूत! हे छर्रे काढून काही मायक्रॉन मोठे भरले की पोकळी मिटते. मात्र नट स्क्रूवरून थेट ओढू नये, स्क्रूला लावलेल्या नळीवर सरकवावा आणि खाली परात ठेवावी. परात नसली की एखादा छर्रा कपाटाखाली जातोच, आणि कपाट मोकळं केल्याशिवाय सापडत नाही. जुन्या-नव्या छर्ऱ्यांची भेसळ करू नये. भार फक्त मोठे उचलतात, धाकटे नुसते फिरून येतात. फार मोठे भरले, तर नट जड चालतो, तापतो आणि स्टेपर मोटर पावलं चुकवते. दुसरा मार्ग दोन नटांचा: मध्ये शिम घालून त्यांना एकमेकांविरुद्ध ताणून बसवायचं. हा जास्त भरवशाचा, पण दुसरा नट टेबलाची चाल खातो, आणि गॅलरीत मावावं म्हणून यंत्र आधीच आखूड केलेलं असतं.

माख३ आणि लिनक्ससीएनसीमध्ये बॅकलॅशचा आकडा भरायची सोय आहे. दिशा बदलताच सॉफ्टवेअर तेवढी जादा फिरकी देतं. भोकं पाडायला हे पुरतं. क्लाइम्ब मिलिंगमध्ये मात्र कटरच टेबलाला पुढे खेचतो, आणि पोकळीत टेबल कुठे उभं आहे याचा सॉफ्टवेअरला पत्ता नसतो. अशा यंत्रावर त्याच्या उलट, कन्व्हेन्शनल कट घ्यावा आणि भोकाच्या जागेवर नेहमी एकाच बाजूने यावं. लेथवरचे जुने टर्नर हँडल अर्धा फेरा जास्त मागे घेऊन पुन्हा पुढे आणत मापावर येतात, ते याचसाठी.