सूर्य सातबारा मागत नाही

लालबाग-परळच्या चाळींत दारामागे एक खिळा असतो. त्याला कॅलेंडर असतं आणि कॅलेंडरमागे किल्ली. वीतभर लांब, लोखंडी, गावच्या घराची. शिमग्याला आणि गणपतीला ती खाली उतरते, एरवी महिने पाठीवर घेऊन लोंबत राहते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा पुष्कळांनी ही किल्ली काढून कायमचा कोकणचा रस्ता धरला. ज्यांनी तेव्हा धरला नाही, त्यांची मुलं आता निवृत्त होऊ लागली आहेत. त्यांपैकीच एका काकांनी यंदा मे महिन्यात किल्ली काढली, तिला खोबरेल तेल लावलं आणि काकूंना सांगितलं, "आता कायमचं."

काकूंनी विचारलं, "लाईट?"

प्रश्न रास्त होता. घर कुडाळच्या पुढे, व्हाळापलीकडच्या वाडीत. मे २०२१च्या तौक्ते वादळाने सिंधुदुर्गात विजेचे खांब आडवे केले, त्यात घराकडे येणारी तारही गेली. खांब पुन्हा उभे राहिले; पण घरात राहणारं कुणी नव्हतं, बिल कुणी भरलं नाही, मीटर गेला. नवा घ्यायचा तर हिस्सेदारांची संमती हवी आणि सातबाऱ्यावर नावं तेवीस. त्यांतली सहा स्वर्गात, चार गिरगावात, तीन दादरला, एक न्यूझीलंडमध्ये, बाकीची विरार ते डोंबिवली. शिवाय कोणी दोघं घ्या, त्यांची बोलचाल बंद. कोकणातली घरं अंधारात असतात त्याला वादळ थोडं आणि भावकी फार कारणीभूत असते, हे सरकारी अहवालात येत नाही इतकंच.

"सोलार लावू," काका म्हणाले. "सूर्य सातबारा मागत नाही."

मग चाळीच्या गॅलरीत हिशेब बसला. धाकट्या पुतण्याने मोबाइलवर सगळे व्हिडिओ बघितले होते. पाचशे वॅटचं एक पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण दोन युनिट देतं. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. पण जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाताशी युनिटभरच. त्यात नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, तीस वॅटचे दोन नवे पंखे आठ तास: झालं जवळपास पाऊण युनिट. उरलेल्यात मोबाइल. फ्रीज बसेना. पाण्याचा पंप तर नाहीच, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते आणि लहान इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो.

"आणि मिक्सर?"

साडेसातशे वॅट. धाकट्याने दहा मिनिटं सूट दिली, तीही भर दुपारी. रोजचं वाटण दुपारच्या उन्हाला बांधलेलं बघून काकूंनी मिक्सर यादीतून खोडला. "तिकडे पाटा-वरवंटा आहे. त्याला चार्जिंग लागत नाही."

खरं म्हणजे या मोहिमेत तज्ज्ञ होत्या त्या काकूच. विजेशिवाय आणि नळाशिवाय जगायला शिकवणारे व्हिडिओवाले तीन दिवसांचं पाणी साठवा म्हणून सांगत होते, ते ऐकून काकूंना हसू आवरेना. चाळीत नळ पहाटे येतो आणि चहा होईस्तोवर जातो. त्या तेवढ्या वेळात पिंप, टाकी, कळशी, तपेली आणि पाहुण्यांसाठीचा हंडा भरून ठेवणाऱ्या बाईला साठवण शिकवायची म्हणजे कमालच. १२ ऑक्टोबर २०२०ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा शेजारच्या टॉवरमधले लोक लिफ्टच्या नावाने हाका मारत होते. चाळीत मेणबत्ती कुठल्या डब्यात आहे ते आंधळ्यालाही माहीत होतं.

खरेदीचा मान मात्र पुरुषांचा. काका-पुतणे काळबादेवीजवळच्या लोहार चाळीत गेले. विजेचं सामान घ्यावं तर तिथेच, असं मराठी माणसाला आतून वाटतं. वायर, बटणं, दिवे, इन्व्हर्टर झाले. आणि स्वस्त मिळतंय म्हणून त्यांनी ओळखीने पॅनलही मिळवलं. ते काकांपेक्षा उंच आणि पंचवीस किलोंच्या घरात. दहा बाय बाराच्या खोलीत ते आडवं मावेना, उभं केलं तर देव्हारा झाकला जाई. पंधरवडाभर काकूंनी देवाला नमस्कार काचेतूनच केला.

परळमधून जाताना काकांना हाफकिन आठवलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणाऱ्या प्रतिसर्पविष लशीसाठी हाफकिन ओळखलं जातं आणि यांतलं फुरसं तर कोकणचं घरचंच. दोन बाटल्या बरोबर असाव्यात, असा काकांचा विचार. ती लस घोड्याच्या रक्तापासून करतात, काहींना तिचीच जोरदार रिअ‍ॅक्शन येते, म्हणून ती दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागते, हे धाकट्याने समजावून सांगितलं. काकांनी दोन टॉर्च आणि गमबूट घेतले. फुरशाविरुद्ध हा बंदोबस्त लशीइतकाच शहाणपणाचा, आणि स्वस्त.

पॅनल, बॅटरी आणि पिंपं टेम्पोने मुंबई-गोवा महामार्गावरून गेली. पन्नास किलोंवरची बॅटरी तो रस्ता सोसून जिवंत पोचली, याचं श्रेय बनवणाऱ्याला द्यावं की पूर्वजांना, यावर मतभेद आहेत. माणसं दादरहून तुतारी एक्सप्रेसने निघाली. केशवसुतांच्या कवितेवरून २०१७मध्ये नाव मिळालेली ही गाडी मध्यरात्री बारा उलटून पाच मिनिटांनी सुटते, त्यामुळे तिची तारीख हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पंधराचं तिकीट म्हणजे चौदाच्या रात्री जेवून निघायचं. दर सुट्टीत कोणीतरी पंधराच्या रात्री सामानासह फलाटावर उभा असतो आणि त्याची बायको काही बोलत नसते.

घर उघडलं. किल्ली फिरली, कुलूप उघडलं, पण दार चौकटीसकट हातात आलं. वाळवीने आतून खाऊन वरचा रंग तेवढा शाबूत ठेवला होता. माजघरात वटवाघळं, न्हाणीत कुठल्यातरी सापाची कात, आणि छपरातून खगोलशास्त्र. वांदरांनी नळे, म्हणजे कौलं, फोडली होती. बाझल मिशनने १८६५मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं कोकणभर गेली. पावसात टिकतात, उन्हात घर थंड ठेवतात, फक्त वांदराने वर उड्या माराव्यात हे मिशनने धरलं नव्हतं. पावसाआधी नळे परतायलाच हवे होते, कारण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो भोक शोधत येतो.

शेजारचे आजोबा खळ्यात येऊन उभे राहिले.

"काकानू, नळे परतूक गडी गावणा नाय. आंब्याच्या बागेतलो नेपाळी रिकामो झालो तर बघतंय." मग त्यांची नजर पॅनलवर गेली. "ह्या मुंबैसून आणलात? कित्याक? कुडाळात गावता मा!"

काका टेम्पोचं भाडं मनात धरून गप्प राहिले.

विहीर उपसायला मे महिनाच बरा, पाणी तळाला असतं. चिखल, एक कळशी, दोन पोहरे आणि कुणाचातरी हरवलेला तांब्या निघाला. तो कुणाचा यावर भावकीत वाद नको म्हणून पुन्हा आत टाकावा, असं आजोबांचं मत पडलं. रहाटाला नवा दोर लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला काकू सवयीने उठल्या, कळशी घेऊन विहिरीवर गेल्या आणि पाणी जाणार नाही हे लक्षात आल्यावर काय करावं ते न सुचून तिथेच बसल्या.

पॅनल लावण्याआधी राखणदाराला नारळ हवा. आजोबांनी गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा! ह्या जा काय सूर्याचा यंत्र बसवतत, तेका वांदराची, वाऱ्याची, भावकीची नदर लागली आसात तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. धाकटा जरा जास्तच जोरात म्हणाला, कारण वॉरंटीचा कागद लालबागला राहिला होता.

आपल्याकडे पॅनलचं तोंड दक्षिणेला हवं. वाशांना लोखंडी चौकट बसली, पॅनल चढलं, संध्याकाळी ओटीवर दिवा लागला. वाडीतली पोरं मोबाइल चार्जिंगला घेऊन आली. धाकट्याने फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि घोटाळा झाला, कारण घराचं दक्षिणेकडचं छप्पर वाटणीत गिरगावच्या चुलतभावाकडे आलं होतं.

फोन आला. माझ्या छपरावर, मला न विचारता? काकांनी अक्षांश समजावून सांगितला. चुलतभावाने सांगितलं की वाटणीपत्रात अक्षांश नाही. उत्तरेकडे लावलं तर हिवाळ्यात वीज कमी मिळेल, असं धाकटा मागून ओरडला. शेवटी काकूंनी फोन घेतला, भाऊजींच्या गुडघ्याची चौकशी केली, वहिनींना आमसुलं पाठवते म्हणाल्या, आणि अर्ध्या तासात तडजोड ठरली: पॅनल राहू दे, त्यातून एक वायर गिरगावच्या खोलीत.

रात्री उशिरा चुलतभावाचा मेसेज आला. "गणपतीला आम्ही अकराजण येतोय. मिक्सर आणतो. फ्रीज तिथे घेऊ ना?"