भट्टीखालची ओल

गेल्या मार्चमध्ये परसात भट्टी बांधली. पावासाठी, पिझ्झासाठी, आईच्या मते सवड जाळण्यासाठी. चिऱ्याचं जोतं, त्यावर काँक्रीटचा स्लॅब, स्लॅबवर चार इंच पर्लाइट आणि सिमेंटचा थर, वर विटांची लादी आणि घुमट. पर्लाइट म्हणजे तापवून लाहीसारखी फुलवलेली ज्वालामुखीची काच. लाहीत असते ती हवा, आणि ही कोंडलेली हवाच लादीची ऊब खाली झिरपू देत नाही. मी ते नर्सरीतून आणलं. पिशवीवर ठळक छापलं होतं, ‘कुंडीतला ओलावा टिकवून ठेवते’. मी ते वाचलंही होतं.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन मीटरच्या वर पाऊस कोसळतो. जूनमध्ये घुमटाला प्लास्टिक करकचून बांधलं आणि निर्धास्त झालो. पाणी वरून आलंच नाही. चिऱ्याचा जांभा पाणी पितो. जोत्याने प्यायलेलं स्लॅबने वर ओढलं, पर्लाइटने पोटात घेतलं, आणि प्लास्टिकने ते बाहेर जाऊ दिलं नाही.

दसऱ्याला भट्टी पेटवली. घुमट लालबुंद, लादी मख्ख. पाव वरून कोळसा, बुडाशी कणीक. जोत्याच्या फटीतून चहाच्या किटलीसारखी वाफ येत होती. हवेपेक्षा पाणी वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. शिवाय लिटरभर पाणी उकळीला आणायला जेवढा जाळ लागतो, त्याच्या सातपट ते वाफ करून उडवायला. म्हणजे दोन भारे लाकडं मी स्लॅब वाळवण्यात घातली. घाईने जाळ वाढवला, तेव्हा वाफेने घुमटाला वीतभर तडाही दिला.

गवंडीदादा म्हणाले, “खाली मीठ घाला, जुने लोक घालायचे.” मीठ! श्रावणात आमच्या बरणीतलं मीठ चमच्याने खणावं लागतं.

आई पडवीतून ऐकत होती. म्हणाली, “अरे, भाताची कणगी कोणी भुईवर टेकवतं का? खाली दगड, दगडांवर फळ्या. वारा खेळायला नको?”

सगळं उसकटलं. स्लॅबला मधोमध दोन भोकं पाडली. त्यावर फरशीचे तुकडे बोटबोट अंतर सोडून मांडले आणि पर्लाइटचा नवा थर त्यांच्यावर घातला. आता आत शिरलेल्या पाण्याला उतरायला वाट आहे, वाफेला निसटायला फट आहे. प्लास्टिक गेलं, चारी बाजूंनी हातभर पागोळ्या टाकणारं कौलारू छप्पर आलं. आठवडाभर नुसत्या काटक्यांचा मंद जाळ केला. लादी तापली, पाव बुडाशीही खरपूस झाला.

यंदाच्या पावसात दोन्ही भोकांखाली एकेक वाटी ठेवलीय. सकाळी चहाच्या आधी मी छत्री घेऊन वाट्या बघायला जातो. आषाढभर मिळून चार चमचे जमले. आईने ते तगरीच्या कुंडीत ओतले. म्हणाली, “पिशवीवर लिहिलंय तिथे तरी जाऊ दे.”