पुकारायचं नाव

पूर्वी गावाकडच्या शाळेत गुरुजी विचारत, "पोराचं नाव काय?" पाळण्यातलं भारदस्त नाव आजीला कधी नीट उच्चारताच आलेलं नसे, ती ठसक्यात सांगून टाकी, "बंडू." जनरल रजिस्टरमध्ये बंडू उतरे. जन्माचा कागद नसला की तारीख पडे १ जून. मग दहावीला बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव पुढे, बंडू मधे आणि वडील मागे, अशी उलटी निघालेली वरात कायमची छापली जाई. ज्याचं प्रमाणपत्र, त्याला मात्र कुणी एका शब्दानं विचारलेलं नसे.

नावं ठेवायचा हक्क आपल्याकडे सगळ्यांना, एक धनी सोडून. बारशाला आत्या, वर्गात मित्र, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठी फिरवणारे सासरचे. टिळकांचं नाव केशव. घरच्या 'बाळ'नं त्याला असं मागे सारलं की इतिहासानंही बाळच धरला. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. नावाबरोबर वडीलही बदलले! पुढे कुसुम नावाच्या धाकट्या बहिणीवरून त्यांनी 'कुसुमाग्रज' घेतलं. तिन्हींतलं हे एकच त्यांनी स्वतः निवडलेलं, आणि २७ फेब्रुवारीला आपण तेच घेतो.

कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदवीपत्रावर विद्यार्थी सांगेल ते नाव छापतात, कोर्टाचा कागद न मागता. मला त्याचा हेवा वाटतो. आपल्याकडे मुलगी म्हणून नोंदलेला एखादा मुलगा सत्काराच्या दिवशी मागच्या रांगेत बसलेला असतो. नाव पुकारलं जातं. शेजारचा कोपरानं ढोसतो, तेव्हा कुठे तो उठतो. टाळ्या पडतात त्या भलत्याच कुणासाठी. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या २०१९च्या कायद्यानं नाव बदलायची वाट काढली आहे, पण ती जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून जाते, आणि सोळाव्या वर्षी अर्ज आईवडिलांनी करायचा असतो. तेच तर अजून "आमची पिंकी" म्हणत असतात, प्रेमानंच.

मनावर घेतलं तर सरकारी रकाने हलतात. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं, आणि त्यानं काही आभाळ कोसळलं नाही. तेव्हा बाई, दहावीचे फॉर्म भरून घ्याल तेव्हा माध्यम, प्रवर्ग, आधार क्रमांक सगळं विचाराच, पण त्याआधी मुलाला विचारा, "तुला काय म्हणू?" आणि निदान सत्काराच्या दिवशी तरी त्याच नावानं पुकारा.